रज्जाकचाचांची झोपेची यादी

"आज कुठं?"

संध्याकाळचे सात वाजले की आमच्या फाटकाबाहेरून हा प्रश्न येतो. नवा माणूस गोंधळतो. कुठं म्हणजे काय? फिरायला, जेवायला, की लग्नाला? गल्लीतल्या जुन्या माणसांना तसं काही वाटत नाही. रज्जाकचाचांना फक्त एवढंच हवं असतं, की या घरातलं कोण माणूस आज कोणत्या खोलीत झोपणार आहे आणि त्याचं डोकं कोणत्या बाजूला असणार आहे.

मी बदली होऊन लातूरला आलो त्या पहिल्याच संध्याकाळी, टेम्पोतून सामान उतरत असताना, एक उंच, वाळका, पांढऱ्या लेंग्यातला माणूस कानाला पेन लावून फाटकाशी उभा राहिला.

"किती माणसं, सर?"

"तीन."

"झोपणार कुठं?"

मला वाटलं, बिचारा गाद्या देऊ करतोय. मी भिडस्तपणे म्हणालो, "झोपू की कुठंतरी."

त्यांचा चेहरा पडला. "कुठंतरी न्हाई चालत, सर. कुठंतरी झोपलेला माणूस सापडत न्हाई."

मी सर नाही. मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे. पण लातुरात शिकवण्यांचं असं पीक आलंय, की चष्मेवाल्या माणसाला सर म्हटलं तर चुकण्याची शक्यता फार कमी. मीही कधी दुरुस्ती केली नाही. फुकटात मिळतंय तर घ्यावं.

रज्जाकचाचा विजेच्या खात्यात लाइनमन होते. भूकंप झाला त्या वर्षी ते नोकरीतच होते, आणि किल्लारीकडच्या गावांत जी पहिली माणसं पोचली त्यांत होते. तेव्हापासून हे नोंदीचं सुरू झालं, इतकंच गल्लीला ठाऊक होतं. पुढचं कोणी विचारलं नव्हतं. आमच्या भागात भूकंपाबद्दल कोणी स्वतः सांगितलं तर ऐकतात, उकरत नाहीत.

सुरुवातीला नोंद वहीत होती. गल्लीत घरं सतरा, माणसं ठरलेली, वही पुरायची. मग बारावीच्या शिकवण्यांची भरभराट झाली आणि सगळ्या घरांना मजले फुटायला लागले. ज्याच्याकडे दोन खोल्या होत्या त्याने सहा काढल्या आणि वर पाटी लावली, 'मुलींसाठी राहण्याची सोय'. दर जूनमध्ये उदगीर, मुरूड, उमरी, अहमदपूर, जिकडून तिकडून साठ-सत्तर पोरी डॉक्टर व्हायला गल्लीत येऊन पडत. चाचा मान वर करून त्या नव्या मजल्यांकडे बघत राहायचे. "पाया एका मजल्याचा, सर. वरती तीन. मला तर बघूनच मळमळून राहिलंय."

वही पुरेना, तेव्हा त्यांनी त्यांच्या मुलाच्या, शाहेदच्या बारावीसाठी घेतलेला कॉम्प्युटर झाकणाखालून बाहेर काढला. शाहेद आखातात नोकरीला गेला होता आणि चाची वारल्यापासून तो कॉम्प्युटर आणि चाचा असे दोघंच घरात होते. एका बोटाने टाइप करत त्यांनी सगळी गल्ली त्यात भरली. घर, मजला, खोली, माणूस, डोकं कोणीकडे. शेवटी 'शेरा'.

शेऱ्याने माझी बरीच बदनामी केली आहे. एकदा मी पाहिलं, माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'हॉल (ता.)'.

"ता. म्हणजे काय, चाचा?"

"तात्पुरता. भाभींचा राग उतरेपर्यंत."

तरी या माणसाला कोणी चावट म्हटलं नाही, कारण ते पोरींना कधीच काही विचारत नसत. घरमालकिणीला विचारत, तेही फाटकाबाहेर उभं राहून, नजर स्वतःच्या चपलेवर ठेवून. एकदा उमरीहून एका मुलीचे वडील तावातावाने आले होते. "माझी पोरगी कुठं झोपती हे विचारणारा तू कोण?" असं म्हणून त्यांनी चाचांची कॉलर धरली. चाचांनी कॉलर सोडवायची खटपटसुद्धा केली नाही. कॉलर तशीच धरलेली असताना त्यांना आपल्या घरात घेऊन गेले आणि यादी दाखवली. बाहेर आले तेव्हा ते वडील डोळे पुसत होते. त्यानंतर ते गृहस्थ पोरीपेक्षा चाचांनाच जास्त फोन करायचे.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

पगारवाढ अडू नये म्हणून मी एक सरकारी कॉम्प्युटर कोर्स केला होता. प्रमाणपत्र लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलं होतं. तिथेच मी तात्पुरता झोपत असल्याने चाचांनी ते पाहिलं असावं. एका रविवारी दुपारी ते आले.

"सर, कॉम्प्युटर लई आजारी पडलाय. सुरू केला की अर्धा तास नुसता घुमतो. अन् दर दोन मिन्टाला पडद्यावर एक बाई येती अन् अभिनंदन म्हणती. कशाबद्दल, ते सांगत न्हाई."

दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं, की आता एकच उपाय, कारखान्यातून आला होता तसा करून घ्या. त्याची सीडी चाचांकडे होती. निकाहनामा, रेशनकार्ड आणि चाचींच्या दवाखान्याच्या कागदांबरोबर, कापडात गुंडाळलेली.

"सगळं पुसलं जातं यात," मी डॉक्टरी आवाजात म्हणालो. "ठेवायचं काय काय आहे?"

"फक्त गल्ली."

पडद्यावर 'गल्ली' नावाचं एक चित्र होतं. ते मी माझ्या पेनड्राइव्हमध्ये टाकलं. पट्कन गेलं. इतकं पट्कन, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण शंका येण्याइतकं ज्ञान त्या कोर्समध्ये देत नाहीत.

सीडी घातली. सगळं पुसलं जाईल, नक्की का, असं त्याने दोनदा विचारलं. मी चाचांकडे पाहिलं. चाचांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून धरले होते. "करा, सर. तुम्ही हाय ना."

'तुम्ही हाय ना' म्हणणाऱ्या माणसासमोर बटण दाबावंच लागतं. निळी पट्टी मुंगीसारखी सरकायला लागली. चाचा मध्येमध्ये विचारत, "मध्येच लाइट गेली तर?" आयुष्यभर लाइट सांभाळलेला माणूस हे विचारतोय म्हटल्यावर मलाही घाम फुटला. तीन वेळा चहा झाला. सहा वाजत आले तेव्हा कॉम्प्युटर नवजात बाळासारखा लख्ख होऊन समोर आला. पडद्यावर हिरवीगार टेकडी, निळं आभाळ.

चाचा पडद्याजवळ वाकले. "एक घर न्हाई ह्याच्यात. झोपायला लई चांगली जागा."

मी ऐटीत पेनड्राइव्ह लावला आणि 'गल्ली' उघडली. उघडेना. पुन्हा उघडली. फाइल सापडत नाही, असं तो म्हणाला. तेव्हा मी त्या चित्राकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याच्या कोपऱ्यात एक बारका बाण होता. मी उचललं ती यादी नव्हतीच. यादी दुसरीकडे होती, हा तिच्या घराकडे दाखवणारा नुसता बाण होता. बाण आला होता. घर मी माझ्या हाताने पाडलं होतं.

मी म्हणालो, "चाचा, चुकलं माझं. गल्ली गेली."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त घड्याळाकडे बघायला लागले. सव्वासहा. इतक्यात फोन वाजला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू आलं. उमरीच्या त्या मुलीचे वडील होते.

"चाचा, पोरीनं खोली बदलली म्हनं. आता कुठं हाय?"

चाचांनी त्या हिरव्या टेकडीकडे पाहिलं. काल नोंद केली होती, पण साठ-सत्तर पोरींतली ती एक, आठवणार कशी? "हाय ना," ते म्हणाले. "नोंद हाय. काळजी करू नका." फोन ठेवताना त्यांनी तो दोनदा चुकीच्या जागी ठेवला.

"मी खोटं बोललो, सर," ते म्हणाले.

मग कोणी न विचारता ते बोलायला लागले. माझ्याशी नाही, कॉम्प्युटरशी.

"किल्लारीकडं मी खांबावर चढलो होतो, लाइन तोडायला. वरून सगळं दिसत होतं. खाली एका घरापाशी लोक विचारून राहिले, इथं किती? कुणी म्हणालं चार. चार निघाले. लोक पुढच्या घराकडं गेले. घरधनी तिसऱ्या दिवशी बाहेरगावाहून आला. त्यानं सांगितलं, सहा. गणपती बोळवायला म्हणून बहीण आली होती, लेकराला घेऊन. ती कुठं झोपली होती हे कुणालाच ठावं नव्हतं."

मी पेनड्राइव्ह खिशात घातला. काहीतरी करायला हवं होतं म्हणून घातला, एवढंच.

घरी आलो आणि वैशालीला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. मला वाटलं, प्रमाणपत्र भिंतीवरून उतरेल. तिने मुलीची दोनशे पानी वही आणि दोन पेनं घेतली, वही मधोमध फाडली आणि अर्धी माझ्या हातात दिली.

"मुलींचे मजले मी करते. खालची घरं तुम्ही. आणि डोकं कोणीकडे ते विचारायला विसरू नका. तुमचा भरवसा नाही."

सात वाजता मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या फाटकाबाहेर उभा राहिलो आणि म्हणालो, "आज कुठं?" माझाच आवाज मला चोरट्यासारखा वाटला. पण पहिल्याच घरातल्या काकूंनी विचारलं, "चाचा कुठं गेले? बरे हायेत ना?" मी माझा प्रताप सांगितला. दुसऱ्या घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या पुढे गेली होती. लोक फाटकात येऊन उभे होते. कोणी कागदावर लिहूनच आणलं होतं. वरच्या गॅलऱ्यांतून पोरी ओरडत होत्या, "काकू, दुसरा मजला, जिन्याची खोली, डोकं खिडकीकडं! काकू, मी कॉटवर न्हाई, खाली झोपते, लिहा!" एकीने विचारलं, "अभ्यासाला जागायचंय, झोपणारच न्हाई, मग काय लिहायचं?" वैशाली खालून म्हणाली, "बसणार कुठं ते सांग!"

आठच्या सुमाराला आम्ही दोघं चाचांकडे गेलो. उमरीची पोरगी वैशालीच्या अर्ध्या वहीत होती. तिसरा मजला, दाराजवळ. चाचांनी आधी उमरीला फोन लावला. "तिसरा मजला, दाराजवळ. मगाशी मला ठावं नव्हतं, भाऊ. आता हाय." मग ते टाइप करायला बसले. मी वाचून दाखवायचो, ते एका बोटाने भरायचे. पहिलं घर, दुसरं, पाचवं, नववं. आमच्या घराशी आल्यावर त्यांनी वैशालीकडे पाहिलं.

"सर कुठं, भाभी?"

"आत," वैशाली म्हणाली. "शेरा नको."

सोळा घरं झाली. सतराव्या, म्हणजे स्वतःच्या घरापुढे त्यांनी मला न विचारताच टाइप केलं: 'शाहेद. चौथा मजला. कॉट, वरची. डोकं एसीकडे.'

"आखातातून तुम्ही कसं काढणार त्याला, चाचा?"

"काढायचं न्हाई, सर. ठावं पाहिजे." त्यांनी फाइल जतन केली, मला ती खरी जागा दाखवायला लावली, आणि खुर्ची मागे सरकवली. "झाली गल्ली."

मी वही मिटणार होतो. वैशालीने माझ्या हातावर हात ठेवला.

"चाचा," ती म्हणाली, "आज कुठं?"

चाचांना कळलं नाही. त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं, दुसरं कोणी आलंय की काय म्हणून.

"तुम्ही, तुम्ही कुठं झोपता?"

इतक्या वर्षांच्या यादीत ती ओळ कधी नव्हतीच, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. आणि ज्या घरात यादी होती, ते घर पडलं तर यादीही त्याच्याखालीच राहणार होती, हे सरकारी कोर्स केलेल्या मला कधी सुचलं नव्हतं.

चाचा खाली बघून चपलेचा अंगठा चाचपत बसले. मग हळूच म्हणाले, "इथंच. ह्या खुर्चीत. कॉटवर झोप येत न्हाई, भाभी. चाची गेल्यापासून." आणि त्यांनी स्वतःच जोडलं, "डोकं भिंतीकडं."

वैशालीने ते वहीत लिहून घेतलं. आता वहीचे दोन्ही अर्धे आमच्या घरी असतात, आणि सव्वासातला, चाचा गल्लीची फेरी संपवून घरी परतले की, मी त्यांच्या फाटकावर जातो.

"आज कुठं?"

"रोज काय विचारता हो, सर? खुर्चीतच की," ते वैतागून म्हणतात. पण एकदा ऑफिसातून यायला मला उशीर झाला. साडेसात झाले होते. चाचा उंबऱ्यात उभे होते, पायांत चपला, कानाला पेन, नजर गल्लीच्या तोंडाकडे. मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले,

"कॉटवर, सर. आज कॉटवर बघतो. लिहून घ्या."