मोतीरामकाकाजींचा बोर्डो

आमचे शेजारी मोतीरामकाकाजी माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, आधी डोक्याकडे बघतात. सौंसरच्या बाजारात मी नमस्कार केला की त्यांची नजर माझ्या टकलावर फिरते आणि प्रश्न येतो, "शेंडा बरा आहे न, सर?" सुरुवातीला मला हा अपमान वाटायचा. मग कळलं, की हे सगळं त्यांच्या बाभळींपायी आहे.

रामाकोन्याच्या वाटेवर, रस्त्याला लागून त्यांचं कपाशीचं वावर आहे. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळींची ओळ होती. गेल्या काही उन्हाळ्यांत त्या एकेक करून शेंड्याकडून वाळत गेल्या. बुंध्याशी भुसा पडायचा, वरची डहाळी तपकिरी व्हायची आणि मग वाळण खाली उतरायचं. कुणी म्हणे भुंगा लागला, कुणी म्हणे बोअर मारून मारून पाणीच खोल गेलं. काकाजींना नुसती भीती वाटायची, आणि ती ते गावभर वाटायचे.

"सर, बाभूळच मरून राहिली तं मंग जगन कोण? ते तं मुरमातही जगते."

आता पांढुर्ण्याला जाताना बसच्या खिडकीतून मीही शेंडेच बघतो आणि घाबरतो.

शेवटी एकच बाभूळ हिरवी उरली. काकाजींच्या घरी संत्र्याची बागही आहे, म्हणून या बाभळीसाठी त्यांनी संत्रेवाल्याला सुचेल तोच उपाय केला. सल काढली, म्हणजे वाळक्या काड्या छाटल्या, आणि मोरचूद-चुन्याचा बोर्डो, संत्र्याच्या झाडांना लावतात तो लेप, बुंध्याला कमरेपर्यंत फासला. बाभळीला बोर्डो लावणारा माणूस या मुलखात दुसरा नसेल. "काकाजी, आता संत्री लागतीन," चहावाला म्हणाला. काकाजी हसले नाहीत. बोर्डो वाळला आणि बुंध्यावर छान फिकट पट्टा दिसू लागला.

नेमकं तेव्हाच रस्ता रुंद करायचं काम निघालं. तोडायच्या झाडांना तसेच फिकट रंगाचे पट्टे मारले होते. एका सकाळी काकाजी अनवाणी, धापा टाकत माझ्या दारात आले.

"सर, गाडी काढा. झाडं कापायची मशीन माह्या वावराकडे गेली."

आम्ही पोचलो तेव्हा मजूर बाभळीखाली मशीन सुरू करत होते. काकाजी बुंध्याला पाठ लावून उभे राहिले.

"बाजूले व्हा बाबाजी, पट्टा आहे याले," मुकादम म्हणाला.

"पट्टा नाही, औषध होय ते. मीच लावलं."

मुकादमानं नखानं खरवडून पाहिलं. आत निळसर निघालं. तोही संत्रेवाल्याच्याच घरचा असावा. "बाभळीले बोर्डो?" म्हणत हसला आणि मशीन घेऊन पुढे गेला.

काकाजी बुंध्याशीच खाली बसले. मी जरा चिडलोच. "एका झाडापायी केवढा जीव काढता काकाजी. दुसरं लावा की."

"लावीन न. पण सावली पडेपर्यंत?" ते खाली मातीकडे बघत म्हणाले. "तुमची काकू गेली तवापासून घरी एकटाच जेवून राहिलो. वेचणीच्या बाया दुपारी इथंच शिदोऱ्या सोडतात. मले हाक मारतात, या काकाजी, ठेचा घ्या म्हणतात. सावली गेली तं त्या दुसऱ्याच्या धुऱ्यावर जातीन, सर. मी कोणाच्या धुऱ्यावर जाऊ, बिनबोलावता?"