पोर्ट पेंबर्थीचा महाटिलवा

ज्या गावाकडे दाखवण्यासारखं काही नसतं, त्या गावाने ते फायबरग्लासमध्ये करून घ्यावं, हा स्थानिक स्वराज्याचा मूलभूत सिद्धान्त आहे. उत्तरेकडच्या शेजाऱ्यांनी दोन मजली कोळंबी उभारली. पूर्वेकडच्यांनी मेंढा उभारला (त्याच्या पोटात भेटवस्तूंचं दुकान आहे, आत शिरायचं दार कुठे काढलंय ते इथे सांगत नाही). हमरस्त्यावरच्या एका वस्तीत माणसं जेमतेम चाळीस, पण त्यांच्याकडेही एक बटाटा आहे. पोर्ट पेंबर्थीकडे मात्र होतं काय, तर अकराशे चार माणसं, धान्याची एक बंद पडलेली कोठी, एक पब, उथळ आखात, मैलभर चिखल आणि त्यामागे गावाच्या सांडपाण्याची चार तळी. एवढ्या भांडवलावर पर्यटक थांबत नाही. तो फक्त शौचालय कुठे आहे ते विचारतो.

अशा वेळी नगरपरिषदेला लॉर्ना ट्रेझाइस आठवली, यातच परिषदेची दूरदृष्टी दिसते.

लॉर्ना शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई. गेली सत्तावीस वर्षं ती दर पंधरवड्याला भरतीच्या वेळी किनाऱ्यावर जाऊन पक्षी मोजत असे. ओहोटीला पक्षी चिखलात चरत. भरतीने चिखल बुडाला की पाण्यात शिरलेल्या शिंपल्यांच्या एका लांबट दांड्यावर गर्दी करून बसत. त्यात बहुसंख्य तांबडमान्या टिलवे: चिमणीएवढा जीव, वजन अठ्ठावीस ग्रॅम, सप्टेंबरात सैबेरियातून येतो, एप्रिलात परत जातो. दर वर्षी लॉर्ना परिषदेला आकडे कळवायची आणि दांड्यावर गाड्या नेऊ देऊ नका, अशी विनंती करायची. सत्तावीस पत्रांपैकी एकाला उत्तर आलं होतं. त्यात कचरा वेळेवर उचलला जात नसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली होती.

अठ्ठाविसाव्या वर्षी, फेब्रुवारीत, महापौर कॉलिन फिट्झनर स्वतः तिच्या दारात आला. (महापौरपदाव्यतिरिक्त तो टायरचं दुकान चालवतो. दोन्हीकडे हवा भरण्याचं काम असल्यामुळे त्याची ओढाताण होत नाही.) गावाने टिलव्याचा भव्य पुतळा उभारायचं ठरवलं होतं, आणि लॉर्नाला ‘पक्षी-ओळख सल्लागार’ नेमलं होतं. सल्लागाराने प्रत्येक टप्प्यावर ‘हा टिलवाच आहे’ असा सहीचा दाखला द्यायचा. त्याशिवाय राज्य सरकारचं अनुदान सुटणार नव्हतं.

लॉर्ना हरखली. अखेर कुणीतरी पत्रं वाचली म्हणायची! पुतळा-समितीच्या पहिल्या बैठकीला ती स्वतः केलेले लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेले चॉकलेट केक, घेऊन गेली, आणि बैठक संपल्यावर समितीला दुर्बिणीसकट किनाऱ्यावर.

कॉलिनने दुर्बिणीला डोळा लावला. “कुठला गं?”

“समोरचे सगळे.”

“सगळे? मला वाटलं वाळू हलतेय.”

“तोच टिलवा. पळतो कसा बघ, आणि चोच कशी मारतो, शिवणयंत्राच्या सुईसारखी.”

“पण तांबडी मान कुठाय?”

“ती इथे नसते. इथे तो करडा. निघायच्या सुमारास जरा लाली चढते, पुरता रंगतो तो सैबेरियात. तिकडे जोडीदार मिळवायचा असतो ना.”

कॉलिनने दुर्बिणीवरून डोळा काढला. “म्हणजे तिकडे नटूनथटून, आणि आपल्याकडे हा असा गबाळा?”

“तूही दुकानात टाय लावून बसत नाहीस, कॉलिन.”

समितीने याची गंभीर दखल घेतली. पक्ष्याचं नाव तांबडमान्या असताना त्याला करडा दाखवणं ही जनतेची दिशाभूल ठरेल, असं मत पडलं. गावात पाहणी झाली. एकसष्ट जणांना टिलव्याचा फोटो दाखवण्यात आला, चाळिसांनी त्याला सीगलचं पिल्लू म्हटलं, बारा जणांनी उंदीर म्हटलं, आठ जणांनी आपल्याला कामं आहेत असं सांगितलं, आणि एकाने तो अचूक ओळखला (ही लॉर्नाच होती, तिलाही विचारण्यात आलं होतं). मान तांबडी करण्याचा ठराव मंजूर झाला. लॉर्नाने मनाशी म्हटलं, एप्रिलातला आहे असं समजू या. तिने दाखला दिला.

मग चोच. टिलव्याची चोच आखूड आणि सरळ. पुतळा घडवणारा ब्रेंटन नॉस्के एरवी पाण्याच्या टाक्या बनवायचा; त्याचं म्हणणं पडलं की सरळ चोच खिळ्यासारखी दिसते, जरा बाक दिला तर पक्षी हसरा वाटेल. लॉर्ना म्हणाली, “बाक दिलास तर तो दुसराच पक्षी होतो, ब्रेंटन.”

“कोण ओळखणारे?”

“मी.”

“तू सोडून?”

लॉर्नाला एकसष्ट जणांची पाहणी आठवली. तिने दाखला दिला.

पायांची गोष्ट तांत्रिक होती. टिलव्याचे पाय काडीसारखे, आणि आखातावरचा वारा नियमपुस्तकात ‘क’ वर्गातला. सात मीटर उंचीचा पक्षी दोन काड्यांवर उभा करायला अभियंता तयार होईना. तिसरा पाय द्यावा लागला. तिसऱ्या पायाच्या दाखल्यावर सही करताना लॉर्नाने ‘ट्रेझाइस’ इतकं बारीक लिहिलं की कारकुनाला ती कागदावरची सुरकुती वाटली, आणि त्याने सही पुन्हा मागितली.

खरा प्रश्न जागेचा निघाला. हमरस्त्यावरून दिसेल अशी एकच जागा होती: दांड्याचं टोक.

तिथे मात्र लॉर्ना अडून बसली. दोन आठवडे तिने सही केली नाही. शेवटी एके दुपारी कॉलिन तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. तिने चहा टाकला. बिस्किटं काढली नाहीत.

“अगं, पक्षीच आहे तो,” कॉलिन म्हणाला. “आपल्यातलाच एक एवढा मोठा झालेला बघून त्यांना बरंच वाटेल.”

“सात मीटरचा माणूस तुझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभा केला, तर तुला बरं वाटेल?”

“कुणाचा पुतळा आहे त्यावर आहे ते.”

“कॉलिन, त्यांना उघडी जागा लागते. उंच काही दिसलं की त्याच्याआड ससाणा आहे असं धरून चालतात. ते बसणारच नाहीत तिथे.”

कॉलिनने खिशातून कागद काढला. दांडा राखीव जाहीर करण्याचा ठराव. गाड्यांना बंदी, कुत्र्यांना बंदी, माणसांसाठी फक्त कडेने लाकडी पायवाट. सत्तावीस पत्रांत जे जे मागितलं होतं, ते सगळं एका पानात होतं, आणि त्याच्या बदल्यात एकच सही.

“कायमचं?” तिने विचारलं.

“कायमचं. उद्या मी निवडून आलो नाही तरी.”

लॉर्नाने ठराव दोनदा वाचला. बसतील, तिने स्वतःला समजावलं, हळूहळू सवय होईल. तिने सही केली. त्या पंधरवड्यात ती मोजणीला गेली नाही. वारा फार आहे, असं तिने वहीत लिहिलं. वारा नव्हता.

उद्घाटन सप्टेंबरच्या एका शनिवारी, मुद्दाम भरतीची वेळ साधून ठेवलं होतं. शाळेचा बँड होता, भाजलेली सॉसेजं होती, आणि वर तीन पायांचा, बाकदार चोचीचा, टोमॅटो सॉसच्या रंगाच्या मानेचा महाटिलवा. कॉलिनने फीत कापली आणि तेवढ्यात आखातावरून थवा आला. तेरा हजार किलोमीटर उडून आलेले हजार-दीड हजार पक्षी दांड्याच्या दिशेने खाली उतरले, आणि पुतळ्याजवळ येताच एका झटक्यात सगळे वर उचलले गेले. एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला थवा वाकडा होऊन मागे वळला आणि दिसेनासा झाला.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

“हे कसं गं जमवलंस?” कॉलिन तिच्या कानाशी म्हणाला. त्याचे डोळे पाणावले होते.

लॉर्ना गाडीत जाऊन बसली.

त्यानंतर दांड्यावर टिलवा बसला नाही. राखीव क्षेत्राचे नियम कसोशीने पाळले गेले. गाड्या, कुत्री आणि पक्षी यांपैकी कुणीही तिथे पाऊल टाकलं नाही. पर्यटक मात्र रीघ लावून आले. त्यांच्यातल्या चिकित्सक लोकांनी (एकूण चौदा) तक्रार केली की खरे पक्षी दिसत नाहीत. परिषदेने तातडीने फलक तयार केला: ‘पक्षी सध्या सैबेरियात आहेत.’ तेव्हा नोव्हेंबर होता. सैबेरियात त्या वेळी बर्फाखेरीज काही नसतं. पण फलक बारमाही वापरता यावा म्हणून त्यावर महिना घातला नव्हता. सल्लागाराचा दाखला तेवढा हवा होता.

त्याच आठवड्यात लॉर्नाला पक्षी सापडले. सांडपाण्याच्या तिसऱ्या तळ्याच्या काठावर, काटेरी तारेच्या कुंपणाआड, जिथे वासामुळे कामगारसुद्धा तोंडाला रुमाल बांधून जातात. ती नाक दाबून, एका हाताने दुर्बीण धरून मोजत बसली. चौदाशे बारा. हिशेब चुकतोय वाटून तिने पुन्हा मोजले. चौदाशे बारा. ती तिथेच कुंपणाला टेकून रडली, आणि रडताना नाकावरचा हात सुटल्याने लगेच थांबली.

कॉलिन फलकाचा कागद घेऊन आला तेव्हा सहज म्हणाला, “कुठे दिसले तर कळव बरं का. तिथपर्यंत पायवाट नेऊ. शेवटाला एखादं कॅफे.”

जिने सत्तावीस वर्षांत एक आकडा वाढवून लिहिला नव्हता, तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं.

“कुठले दिसताहेत,” ती म्हणाली. “सगळे सैबेरियात.”

“नोव्हेंबरात?”

“यंदा लवकर गेले.”

आणि तिने सही केली. या वेळी ठसठशीत.

तेव्हापासून सगळं सुरळीत आहे. तळ्यापाशी कुणी जात नाही. लॉर्ना दर पंधरवड्याला जाते, आकडे वहीत लिहिते आणि कुणालाही कळवत नाही. गावात आता दोन कॅफे आहेत.

जानेवारीत एका सकाळी ती पायवाटेवरून चालली होती. एक कुटुंब पुतळ्यासमोर फोटोसाठी उभं होतं. तेवढ्यात ओल्या चिखलाच्या कडेने एक टिलवा, थव्यातून चुकलेला, भराभर चोच मारत थेट त्यांच्या पायांपाशी आला. लॉर्ना जागीच थांबली.

“मॅडम,” फोटो काढणारे गृहस्थ अदबीने म्हणाले, “ते करडं काहीतरी मध्ये येतंय. जरा हुसकता का?”

ती हलली नाही. त्यांनी स्वतःच पाय आपटला.

फोटो सुरेख आला आहे. तुमच्याही मोबाइलवर तो आला होता, आणि तुम्ही त्याखाली ‘वा, काय पक्षी आहे!’ असं लिहिलंत. डावीकडे खाली एक करडा ठिपका उडताना दिसतो. पुढे पाठवण्याआधी तुम्ही तो कापून टाकलात, ते बरं केलंत.