डाव्या अंगाचा दगड

आमच्याकडे जालन्याला आले की तात्या आधी काठीने फरशी ठोकून पाहतात आणि मगच पाय आत ठेवतात. घर बांधून बरीच वर्षं झाली, फरशी एकदाही खचलेली नाही. तरी हॉलमधून स्वयंपाकघरात जातानाही टक टक चालूच. "सूनबाई, रस्त्याचा काही भरोसा न्हाई," म्हणतात. मी सांगते, तात्या, हा रस्ता नाही, हॉल आहे. त्यावर ते हॉलकडे संशयाने पाहतात.

तात्या माझे चुलत सासरे. आमचं गाव पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडे. तिथे एका भिंतीच्या अलीकडे तात्या राहतात आणि पलीकडे त्यांचे थोरले भाऊ, आबा. दोघांच्याही बायका आता नाहीत, मुलं नोकरीच्या गावी. दोघांत अबोला आहे. आबांच्या मुलीच्या लग्नात मानाची टॉवेल-टोपी तात्यांना ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनंतर मिळाली, हे कारण. त्या मुलीची मुलगी आता कॉलेजात जाते. टॉवेल मात्र तात्यांनी घडी न मोडता ठेवला आहे, पुरावा म्हणून. भावाचा उल्लेख टाळता येत नसेल तर ते "पलीकडचे" एवढंच म्हणतात.

मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपचं काम पाहते. गेल्या वर्षी तिघांना एक मोबाईल अ‍ॅप करायचं होतं. पायवाटेवर कुठे धोका दिसला की फोटो काढून कळवायचं. मग त्या वाटेने येणाऱ्याचा फोन तिथे पोचायच्या आधी मोठ्याने सावध करणार. तपासायला एक वाहती पायवाट हवी होती. आमच्या गावामागच्या टेकडीवर देवीचं ठाणं आहे, सकाळी बरंच गाव तिथे चढतं. मी तिघांना तिकडे पाठवलं आणि माझ्या यादीतलं ते काम खोडलं.

तिघांची म्होरकी प्रणाली, परतूरची, तोंडाने फटकळ. तिने गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून दिलं, भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडेही. तात्यांनी पाठवलेला पहिला धोका म्हणजे त्यांच्याच अंगठ्याचा फोटो होता. पुढे हात बसला. अ‍ॅपमध्ये खड्डा, सुटा दगड, काटे, घसरण, जनावर असे पर्याय होते. तात्यांचा त्यांच्यावरही भरोसा नव्हता. ते "इतर" दाबायचे आणि बोलायचे. "गोपाळची म्हैस. आडवी उभी हाय. स्वभाव चांगला न्हाई." किंवा, "काल इथं काटे होते. आज न्हाईत. तरी ध्यान असू द्या."

थोड्याच दिवसांत सगळ्या गावाच्या मिळून जेवढ्या सूचना येत, त्याहून जास्त एकट्या तात्यांच्या येऊ लागल्या. प्रणाली लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलापाशी आली. आजोबांचे सगळे धोके डाव्याच अंगाला कसे, टेकडीला उजवी बाजू नाहीच का, असा तिचा पहिला प्रश्न. शिवाय वळणावरचा एकच दगड ते रोज नव्याने कळवत होते. "मॅडम, हा दगड मला आता नात्यातला वाटायला लागलाय," ती म्हणाली. आजोबांना वापर पुन्हा समजावून सांगणे, असं मी लिहून ठेवलं.

मग विद्यार्थ्यांनी एक सुधारणा केली. लोकांना हुरूप यावा म्हणून सूचनेसोबत कळवणाऱ्याचं नावही फोन सांगू लागला. सगळ्यांना ती आवडली.

त्याच आठवड्यात तात्या एसटीने थेट कॉलेजात आले. व्हरांड्यातून टक टक आली तेव्हाच मी ओळखलं. पाणीही न घेता ते प्रणालीसमोर उभे राहिले.

"पोरी, माझं नाव काढ त्याच्यातून."

नाव येणं म्हणजे मानच आहे, असं तिने समजावून पाहिलं.

"मानाचं मला नको सांगू. पलीकडचे पडले."

झालं होतं असं. आबा सकाळी फोन खिशात टाकून टेकडी चढत होते. वळण आलं तसा फोन बोलला, पुढे डाव्या बाजूला सुटा दगड आहे, कळवणारे तात्याराव. आबा थांबले. टोपी नीट केली. आणि मुद्दाम डावीकडे जाऊन त्या दगडावर पाय दिला. गुडघा चांगलाच सोलला. लोकांनी धरून खाली आणलं.

"माझं नाव ऐकलं की तिकडूनच जाणार. लहानपणापासून तसंच हाय," तात्या म्हणाले. "बिननावाचं सांगत होतं तवर बराबर चालून राह्यलं होतं."

आबांचा डावा डोळा काचबिंदूने गेला आहे. घरात ते सगळ्यांना माहीत होतं, मलाही. प्रणालीला मी तेव्हा सांगितलं. तिथेच बसून तिने नाव काढलं. तात्यांनी सूचना परत परत लावायला लावली, फोन कानाशी धरून ऐकली, आणि मगच पाणी मागितलं.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. एक गोष्ट माझ्या हिशेबात बसत नव्हती, ती विचारून टाकली. रोज त्या दगडापाशी जाता, वाकून फोटो काढता. मग तोच उचलून बाजूला का टाकत नाही?

भोकरदनची गाडी लागली होती. तात्यांनी बसच्या पायरीवर काठी ठोकून पाहिली.

"उचलला तर मंग उद्या दादाला सांगू काय?" म्हणाले, आणि वर चढले.