कुणालाही ऐकू न जाणारं वाद्य

सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा बेत बिनचूक होता! बायकोने अट घातली होती, "वाद्य आणा, खुशाल आणा, पण त्याचा आवाज येता कामा नये." आणि ही अट पाळणारं वाद्य मी शोधून काढलं होतं!

अट ऐकायला विचित्र वाटेल, पण माझी बायको कान तपासते. आमच्या पुढच्या खोलीतच तिचं तपासणी केंद्र आहे. तिथे कपाटाएवढी एक केबिन आहे, आतून जाड स्पंज लावलेली. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात एक बटण द्यायचं. बायको रस्त्याकडच्या खिडकीशी मशीनवर बसते आणि बारीक बारीक आवाज सोडते. आवाज आला की आतल्या माणसाने बटण दाबायचं. बस्स! तेवढ्या वेळात आमच्या घरात मिक्सर लागत नाही, नळ सुटत नाही, आणि मला शिंक आली तर मी जिन्यात जाऊन शिंकून येतो.

तर अशा घरात मी मॉड्युलर सिंथेसायझर आणला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, या वाद्याला पट्ट्या नाहीत, तारा नाहीत, फुंकायची सोय नाही. लाकडी खोक्यात शेजारी शेजारी बसवलेले धातूचे डबे. प्रत्येक डब्याला बटणं आणि भोकं. एका डब्यातून आवाज निघतो, दुसरा त्याला गाळतो, तिसरा ठोका देतो. पण कोणाचा कोणाशी संबंध नाही! तो आपण वायरी खोचून जुळवायचा. आणि ऐकायचं कसं? हेडफोन लावून! घरात चिटपाखरूही दचकणार नाही!

"तुम्हाला जमेल हे?" बायकोने त्या खोक्याकडे बघत विचारलं.

"अगं, मी पाणीपुरवठ्यात नकाशे सांभाळतो! पाणी कुठून येतं, कुठे जातं, मधे व्हॉल्व्ह कुठे आहे, वीस वर्षं हेच बघतोय. आवाजाचंही तेच! इथून आला, तिथून गेला."

"बरं," ती म्हणाली. आमच्याकडे 'बरं' या शब्दाचे सात अर्थ होतात, आणि त्यातला एकही 'बरं' नसतो.

मी ऑफिसातून आठवडाभर रजा काढली. मधल्या खोलीत टेबल मांडलं आणि सोमवारी सकाळी कामाला लागलो. आधी सगळ्या भोकांची पाहणी केली. हेडफोनच्या शेजारी आणखी एक बाहेर जाणारं भोक होतं आणि ते मोकळंच होतं. आता आमच्या खात्यात मोकळं तोंड दिसलं की माणूस अस्वस्थ होतो. मोकळं तोंड म्हणजे गळती! मी तत्परतेने त्यात एक जादा वायर खोचून टाकली. मग लक्षात आलं, वायरचं दुसरं टोक मोकळंच की! ते भिंतीतल्या कपाटात पडलेल्या जुन्या स्पीकरला लावून टाकलं. त्या स्पीकरचा प्लग तसाच लागलेला होता, पण दिवा दोन वर्षांपूर्वीच गेला होता, म्हणजे तो बंद. कपाटाचं दार लावलं, हात झटकले. अख्ख्या यंत्रात एकही तोंड उघडं नाही! उगाच नाही मला ऑफिसात चोख माणूस म्हणत!

मग हेडफोन चढवून वायरी खोचायला लागलो. दोन तास काहीही ऐकू आलं नाही. नंतर कळलं, मी एका डब्याचं बाहेर जाणारं भोक दुसऱ्याच्या बाहेर जाणाऱ्या भोकाला जोडलं होतं. दोघेही बोलतायत, ऐकणारा कोणीच नाही. आमची साप्ताहिक बैठक अशीच असते, त्यामुळे मला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. दुरुस्त केलं, एक बटण फिरवलं, आणि कानात आवाज फुटला!

टुक.

थोडी शांतता. मग पुन्हा, टुक.

काय सांगू तुम्हाला! डोळ्यांत पाणी आलं! मी उरलेली सकाळ तो एकच टुक ऐकत बसलो. कधी लवकर टुक, कधी उशिरा टुक.

दुपारी जेवताना बायको कपाळाला आठ्या घालून बसली होती. "आज तिघांनी भलत्याच वेळी बटण दाबलं. मी आवाज सोडलेलाच नाही आणि मशीनवर यांच्या बटणाचा दिवा लागतोय!"

"होतं असं," मी म्हणालो. मला त्यातलं काही कळत नाही, पण सकाळी टुक जमल्यामुळे मी फार मोकळ्या मनाने बोलत होतो.

मंगळवारी चार झाले. बुधवारी मशीनवाला दुरुस्तीला आला, सगळं उघडून पाहिलं आणि मशीन ठणठणीत आहे म्हणून निघून गेला. तिकडे मी टुकच्या जोडीला आणखी खालच्या पट्टीतला एक टुक मिळवला होता.

गुरुवारी बसचालक आला. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा गणवेश, हातात टोपी. आगाराने त्याला कानांचा दाखला आणायला सांगितलं होतं. दाखला मिळाला तर बस, नाही तर नाही. माझा तो दिवस भलताच रंगला होता, त्यामुळे मला त्या तपासणीचं काहीच कळलं नाही. दुपारी जेवताना बायको कागद पुढे ठेवून बसलेली दिसली.

"काय करू कळत नाही. बारीकातल्या बारीक आवाजाला बटण दाबतोय, पण मी गप्प असतानाही दाबतोय."

आणि इथे, मंडळी, मी तोंड उघडलं! "अगं, सरळ आहे. ऐकू येत नाही त्याला. अंदाजाने दाबत सुटलाय! नोकरीचा प्रश्न आला की माणसं खोटं बोलतात. लिहून टाक तसं."

"तसा वाटला नाही हो."

"तुला सगळेच साधे वाटतात. मी रोज लोकांच्या तक्रारी वाचतो. मला विचार!"

तिने कागद जवळ ओढला आणि लिहिलं, 'उत्तरे विश्वासार्ह नाहीत.' मी त्यावर दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. हा भात मला अजून आठवतो.

शुक्रवारी आगारातून फोन आला. चालकाला बसवरून उतरवून हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं होतं. शनिवारी पुन्हा तपासणी, तीही बायको ज्यांच्या हाताखाली शिकली त्या मोठ्या डॉक्टरांच्या समोर. त्यातही हाच निकाल आला तर त्याला पुन्हा स्टिअरिंग मिळणार नव्हतं.

शनिवारी दार मीच उघडलं. चालक वेळेच्या अर्धा तास आधी आला होता. आज गणवेश नव्हता.

"साहेब, मॅडमना जरा सांगा ना," तो हळू आवाजात म्हणाला. "मी खोटं दाबलं नाही हो. मला आवाज येत होता. कानातून नव्हता येत, पाठीतून येत होता."

"पाठीतून?"

"हो. खुर्चीतून, असा पाठीत. सत्तावीस वर्षं गाडी चालवतोय, साहेब. गाडीत काय वाजतंय ते आम्हाला आधी पाठीला कळतं. काल दिवसभर लोकांच्या छत्र्या मोजत बसलो होतो. घरी सांगितलंसुद्धा नाही."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका. फक्त खरं तेवढंच दाबा," असं म्हणालो. असं म्हणालो मी, त्या माणसाला! आणि आत जाऊन हेडफोन चढवले.

पुढच्या खोलीत मोठे डॉक्टर येऊन बसले, चालक केबिनमध्ये गेला, तपासणी सुरू झाली. इकडे मीही सुरू झालो. पाच मिनिटांनी पाण्याचा पेला घ्यायला वाकलो, तर हेडफोनची वायर कोपरात अडकून यंत्रातून उपटून निघाली. कानात शांतता. मी हेडफोन काढून गळ्यात घातले.

टुक.

मी हेडफोनकडे बघितलं. त्यांच्या वायरीचं टोक मोकळंच माझ्या गुडघ्याशी लोंबत होतं.

टुक, कपाटातून आलं.

कपाटाचं दार उघडलं. दिवा गेलेला स्पीकर आपल्या जागी बसून, भिंतीला पाठ लावून, इमानेइतबारे टुक टुक करत होता. दिवा गेला होता, स्पीकर नव्हता गेला! भिंतीच्या पलीकडे काय आहे हे आठवायला मला नकाशाची गरज नव्हती. केबिन आहे! भिंतीला टेकलेली केबिन, आणि आत खुर्चीवर तो माणूस, पाठीत माझा टुक झेलत, प्रामाणिकपणे बटण दाबत.

आता सांगायला नको ते सांगतो. मला आधी त्याची आठवण झाली नाही. आधी मनात आलं, कुणाला कळलं तर नाही ना? मग आलं, गुपचूप बंद करू! पुढची तपासणी नीट होईल, त्याला दाखला मिळेल, बायकोला वाटेल मशीन आपोआप सुधारलं. कोणाचंच नुकसान नाही! कोण म्हणतं सांगायलाच पाहिजे?

मी गुडघ्यांवर बसलो, स्पीकरचं बटण धरलं आणि बंद करायला फिरवलं. उजवीकडे. आमचा व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवला की बंद होतो! वीस वर्षांची सवय!

टुक!!

आवाज वाढला, म्हणजे व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये! मी आणखी आवळला! कपाटातल्या बरण्या नाचायला लागल्या! मी दोन्ही हातांनी, दात ओठ खाऊन, शेवटच्या टोकापर्यंत आवळला! टुकचा धडाम झाला, वरच्या फळीवरून जुनी कॅलेंडरं डोक्यावर आली, शेजारच्यांनी भिंतीवर थापा मारल्या! मी स्पीकरला कवटाळून त्याच्यावर पोट दाबून पडलो. तो आता माझ्या पोटातून वाजायला लागला.

दार उघडलं. दारात बायको, तिच्या मागे मोठे डॉक्टर, आणि त्यांच्या मागे चालक. हेडफोन गळ्यात, बटण हातात, आणि प्रत्येक धडामला अंगठा बटणावर!

"हाच!" तो ओरडला. "मॅडम, हाच! डॉक्टर, हाच आवाज! मी म्हणत होतो ना!"

डॉक्टरांनी शांतपणे येऊन भिंतीतला प्लग काढला. इतकं साधं होतं ते.

बायकोने माझ्याकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं, मग भिंतीकडे. तिला समजायला तेवढं पुरलं.

"मी... गळती होऊ नये म्हणून..." मी कॅलेंडरांतून म्हणालो.

"अहो, 'माणसं खोटं बोलतात' असं कोण म्हणालं होतं?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या गुरूंसमोर, तिच्याच घरात, तिच्या हातचा कागद माझ्यामुळे खोटा ठरला होता. आणि मी दोन मिनिटांपूर्वीपर्यंत तो तसाच राहू देणार होतो. मी उठलो. चालकासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. टुक सांगितला, भातावर दिलेला सल्ला सांगितला, आणि गुपचूप बंद करायला निघालो होतो तेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण तोंड उघडलंच होतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे माझे कान चांगले आहेत?" एवढंच विचारलं.

डॉक्टरांनी लगेच पुन्हा तपासणी घेतली. मला जिन्यात उभं केलं होतं. वीस मिनिटांनी चालक बाहेर आला, कागद घडी करून खिशात ठेवत. "एकही चुकला नाही," म्हणाला, आणि वर मलाच म्हणाला, "बसा साहेब, दमला असाल." लाजेने कान गरम होतात हे मी ऐकून होतो. त्या दिवशी ते तपासूनही घेता आले असते!

शिक्षा बायकोने ठरवली. आठवड्यातल्या बाकीच्या अकरा जणांना फोन करून पुन्हा बोलवायचं, आणि कारण मी स्वतः सांगायचं. "नमस्कार, तुम्हाला केबिनमध्ये जो आवाज येत होता, तो मी." हे वाक्य अकरा वेळा! दहा जण हसले. एक आजीबाई मात्र भडकल्या. "म्हणजे माझ्या कानाला काहीच झालेलं नाही? कान गेला म्हणून मी सुनेसमोर चार दिवस अंथरूण धरलं त्याचं काय!" त्यांचीही माफी मागितली.

सोमवारी रजा संपली. थांब्यावर उभा होतो, बस आली. चढलो आणि बघतो तर स्टिअरिंगवर तोच! इस्त्रीचा गणवेश, डोक्यावर टोपी.

"या या साहेब! पुढे बसा!" त्याने हाताने पुढची जागा दाखवली. मला इतकं हायसं वाटलं! माणसाने मनात काही ठेवलं नव्हतं. मी ऐटीत बसलो. बस चौकात आली, त्याने उजवीकडे वळायचा इंडिकेटर लावला आणि सिग्नलसाठी थांबला.

टुक. टुक. टुक. टुक.

चालकाने मान तिरकी करून ऐकलं. मग आरशातून अख्ख्या बसकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"ऐकताय ना मंडळी? हे सगळं या साहेबांनी बसवलंय! आठवडाभर रजा काढून!"

मी पुढच्याच थांब्यावर उतरलो. ऑफिस तिथून चार थांबे लांब आहे.