चारचा भोंगा

सकाळी सारा मुलूख जळगावात शिरत असे आणि आमचे नथूमिस्त्री जळगावातून बाहेर पडत असत. दूधवाले, कॉलेजची पोरं, कोर्टाच्या तारखेला निघालेले पक्षकार, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया, सगळे गच्च एस.टी.तून शहराकडे, आणि पहाटेच्या रिकाम्या गाडीत खिडकीपाशी ऐसपैस बसलेले मिस्त्री खेड्याकडे. कंडक्टर त्यांना 'उलटे मिस्त्री' म्हणत. फाट्यावर दोन गाड्या शेजारी थांबल्या की समोर दाटीवाटीनं उभ्या असलेल्या गावकऱ्यांना हे खिडकीतून विचारत, "काय रे, बठ्ठं गाव इकडे निंघनं, मंग तठे कोन शे?" आणि स्वतःच उत्तर देत, "मी शे ना!"

ते गाव जळगावपासून आठ-दहा मैलांवर. नाव सांगत नाही, कारण पुढे त्या गावाबद्दल थोडं वाईट लिहायचं आहे. गावात एका मारवाडी शेठची कापसातली सरकी काढायची जिन होती आणि मिस्त्री त्या जिनचे बॉयलर सांभाळत. जिनचा भोंगाही त्यांच्याच हातात. भोंग्यावर गाव उठे, भोंग्यावर बाया तव्यावर भाकरी टाकत, शाळेतले गुरुजीसुद्धा घड्याळ भोंग्यावर लावत. म्हणजे गावाला जागं करायला माणूस शहरातून येई!

बरं, गावात राहायला घर नव्हतं म्हणावं, तर जिनच्या भिंतीला लागून मिस्त्रींचं स्वतःचं, बापजाद्यांचं घर. त्याला कुलूप घालून या गृहस्थांनी जळगावच्या ऐन बाजारात, आमच्या इमारतीत, चौथ्या माळ्यावर भाड्यानं बिऱ्हाड थाटलं. तेव्हा आमची इमारत म्हणजे शहरातली सगळ्यांत उंच. लोक तिला 'चारमाळी' म्हणत. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना ती खालून दाखवायची पद्धत होती. वरून दाखवायचं म्हटलं तर पाहुण्यांना जिना चढवत नसे.

मालकांनी लिफ्टसाठी खालपासून वरपर्यंत विहिरीसारखी जागा सोडली होती. लिफ्ट मात्र 'पुढेमागे' येणार होती. त्या जागेत कबुतरं राहत. मिस्त्रींनी आल्याच्या पहिल्या आठवड्यात कबुतरांना नोटीस दिली, वर एक कप्पी बसवली, दोर सोडला आणि टोपली बांधली. मग भाजी, रॉकेलचा डबा, दळण, सगळं टोपलीतून वर. तळमजल्यावरून हाक आली की मिस्त्री बनियनवर दोर ओढत उभे. लिफ्ट आली असती तर त्यांना फार वाईट वाटलं असतं.

मी समोरच्या बिऱ्हाडात राहत होतो. मूळचा धुळ्याचा, कचेरीत कारकून, आणि दुसऱ्याच्या भानगडी कळल्याशिवाय अन्न गोड न लागणारा. गाव सोडून इथं का आलात, हे मी त्यांना नाना परींनी विचारलं. मला म्हणाले, "हवा चांगली शे." खालच्या डॉक्टरांना म्हणाले, गुडघ्यांना व्यायाम होतो. घरमालकांना म्हणाले, तुमच्या इमारतीची शोभा पाहून आलो. त्यानंतर मालकांनी त्यांचं भाडं कधीच वाढवलं नाही. फारच खनपटीला बसलं की ते गच्चीच्या कठड्यापाशी नेत, लांब बोट दाखवत आणि म्हणत, "वरथून बठ्ठं दिसस. ते पहा, आमच्या जिनचं धुराडं. दिसनं का?"

मला एक निंबाचं झाड दिसे. त्यापलीकडे धूळ. दर रविवारी ते मला धुराडं दाखवत, दर रविवारी मी नाही म्हणे, आणि दर रविवारी ते मला चष्मा करायला सांगत.

त्यांच्या बायकोचं नाव द्वारकाअक्का. ठेंगणी, हसऱ्या डोळ्यांची, बोलायला कमी आणि खायला घालायला पुढे. चारही माळ्यांवरच्या पोरांना शाळेतून आल्यावर आधी अक्कांचं दार दिसे. मूलबाळ नव्हतं.

सारं सुरळीत चाललं होतं, पण एके दिवशी पहाटेची एस.टी. मध्येच बंद पडली. मिस्त्री उरलेली वाट चालत गेले. भोंगा उशिरा वाजला, आणि गावाचा अख्खा दिवस पुढे सरकला. मजूर उशिरा आले, भाकऱ्या उशिरा झाल्या, शाळा उशिरा भरली. शेठ मुळात भला माणूस, पण कापसाचा हंगाम भरात होता. त्यांनी स्पष्ट सांगितलं : संक्रांतीच्या आत गावात राहायला या, स्वतःच्या घरात या नाहीतर जिनच्या आवारातली खोली फुकट देतो, नाही जमलं तर मी दुसरा मिस्त्री पाहतो.

पन्नाशीला टेकलेल्या बॉयलरवाल्याला दुसरी नोकरी कोण देणार? मी म्हटलं, "मिस्त्री, जा की. तुमचंच गाव आहे."

मिस्त्रींनी पहिल्यांदाच मला हवेचं कारण सांगितलं नाही. "तेच तर," एवढंच म्हणाले आणि टोपली ओढायला गेले.

याच सुमाराला आमच्या घरी मुलगी झाली. बायकोचं माहेर धुळ्याचं. पण सासूबाईंचा पाय मोडल्यामुळे बाळंतपण जळगावातच झालं. अळीव, डिंकाचे लाडू, बाजरीची पेज, सगळं अक्कांनी केलं. पण एक गंमत होती. अक्का ताट उंबऱ्यात ठेवून परत फिरत. बाळाला पाहत त्या दारातूनच. मला वाटलं, सोवळं-ओवळं असेल. मी त्यावर एकदोन विनोदही केले.

बारसं ठरलं. मला बहीण नाही. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या कुठून आणायची? बायको म्हणाली, अक्काच आत्या. ती बोलवायला गेली आणि बऱ्याच वेळानं डोळे पुसत परत आली.

"अक्का नको म्हणतायत," ती सांगू लागली. "म्हणाल्या, 'ताई, मी पाळणाले हात नही लावस. गावमा माले कोनी बारसाले बलायं नही.' बावीस वर्षं, अहो! शेजारी पाळणा हलायचा, गाणी ऐकू यायची, आणि ह्या दार लावून बसायच्या. एकदा चुकून गेल्या, तर बाळाच्या आजीनं बाळावर पदर घातला. दुसऱ्याच महिन्यात मिस्त्रींनी इथलं बिऱ्हाड पाहिलं. अक्कांना म्हणाले, 'तठली हवा चांगली शे.'"

मला माझे सोवळ्याचे विनोद आठवले. लाज वाटली.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? आत्या आली नाही तर मुलीचं नाव ठेवणार नाही, तशीच वाढू दे म्हटलं. मग हसल्या. येते म्हणाल्या."

आदल्या संध्याकाळी पाळणा आणला. धुळ्याच्या आमच्या वाड्यातला जुना, लाकडी, चांगला भरभक्कम. जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडकून बसला. मिस्त्रींनी दोराची टोपली सोडवली, तोच दोर पाळण्याला बांधला आणि लिफ्टच्या विहिरीतून तो एकट्यानं वर ओढला. कुणाला हात लावू दिला नाही. कडीला टांगला, तेल दिलं, मोकळाच चार वेळा हलवून पाहिला. मग माझ्या बायकोला विचारलं, "कितीले?"

"चारला."

"चारले म्हणजे चारलेच ना? बायास्ना काही भरवसा नही."

"चारला म्हणजे चारला," ती म्हणाली. तिनं आयुष्यात वेळेवर केलेलं ते एकच काम.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री नेहमीच्या गाडीनं कामावर गेले. इकडे चार वाजता बायकांनी घर भरलं. मी पुरुष म्हणून दाराबाहेर होतो, पण फटीतून सारं पाहिलं. अक्का ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं. अक्कांनी वाकून कानात नाव सांगितलं. कुणी बाळावर पदर घातला नाही. पाठीवर बुक्क्या मात्र भरपूर पडल्या, त्या आत्येला पडायच्याच असतात.

आणि तिकडे त्या गावात, त्याच वेळी, जिनचा भोंगा वाजला.

वाजला म्हणजे केवढा! कळवायला येणारे नंतर आठवडाभर येत होते. सुटायची वेळ सहाची, पण भोंगा झाला म्हणून मजूर हात झटकून घरी गेले. गुरुजींनी घड्याळ पुढे केलं आणि शाळा सोडली. बायांनी चुली पेटवल्या. म्हातारे बैल सोडायला उठले. भोंगा थांबेचना. सारं गाव घराबाहेर येऊन जिनकडे तोंड करून उभं राहिलं. ज्यांनी दारं लावून घेतली असती त्यांनाही तो ऐकू गेला असता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेठ स्वतः जीप घेऊन आले. चार माळे चढून धापा टाकत मिस्त्रींच्या दारात टेकले. मी अर्थातच माझ्या दारात होतो.

"नथू," शेठ श्वास घेत म्हणाले, "चार वाजता भोंगा कसा वाजना?"

"वाफ जास्त व्हयेल व्हती, शेठ."

"बॉयलरना काटा त्ये सांगत नही."

तेवढ्यात अक्का आतून आल्या. शेठपुढे वाटी ठेवली. वाटीत बारशाच्या घुगऱ्या होत्या.

"समोरनी ताईनी पोरनं नाव ठेवं," अक्का म्हणाल्या. "मीच आत्या शे."

शेठ त्याच गावात वाढलेले. त्यांनी वाटीकडे पाहिलं, अक्कांच्या हिरव्या लुगड्याकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे पाहिलं. बराच वेळ चिमूटचिमूट घुगऱ्या खात बसले. वाटी रिकामी झाल्यावर उठले.

"खोली मी मुनीमले दिऊन टाकस," ते म्हणाले. "तू इथूनच ये. गाडी बंद पडनी तं जीप धाडसू. पन आते चारले वाजाडू नको, बाप. बठ्ठं गाव दोनदा जेवनं."

तेव्हापासून मिस्त्री माझे दाजी झाले. नुसते म्हणायला नाही. दिवाळीला पाट, अत्तर, मेहुण्याचा सगळा मान मोजून घेत आणि वर जावयासारखे रुसत.

पुढच्या वर्षी एका रविवारी ते गच्चीवर उभे होते. कडेवर माझी मुलगी, नाक पुसायला स्वतःचाच पंचा. तिचं बोट धरून लांबवर दाखवत होते. मला पाहून म्हणाले, "दिसनं का धुराडं?"

मी डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं. निंबाचं झाड होतं. त्यापलीकडे धूळ होती.

"दिसलं, दाजी," मी म्हटलं. "अगदी स्पष्ट."