लिफ्ट असलेलं कौलारू घर

काशीराम किणी यांच्या कौलारू घराला लिफ्ट आहे, ही गोष्ट त्यांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, २००३ साली, घरपट्टीच्या बिलावरून कळली. उमेळ्याच्या वाटेवर केळीच्या वाडीत त्यांच्या आजोबांनी बांधलेलं ते घर. वर पोटमाळा होता, पण तिथे शिडीने जावं लागे. बिलं ते चार वर्षं नेमाने भरत आले होते.

बायकोने, सत्यवतीने, चष्मा लावून बिल पुन्हा वाचलं. "वर्ग अ. आरसीसी, उद्वाहनासह. उद्वाहन म्हंजे लिफ्टच ना वो?"

"लिफ्टच."

"मंग मी चाळीस वरसं शिडीनं का चढतंय?"

काशीराम नगरपरिषदेत गेले. चौकशीत असं निघालं, की मोजणीला आलेल्या माणसाने रस्त्यावर उभं राहूनच पाहणी केली होती आणि मागच्या नव्या इमारतीचं वर्णन किण्यांच्या नावावर चढवलं होतं. किण्यांचं वर्णन अर्थातच त्या इमारतीच्या नावावर गेलं होतं. इमारतीतल्या रहिवाशांची याबाबत तक्रार नव्हती.

आठ महिन्यांत सुनावणी लागली. कर विभागाचे देसले साहेब स्वतः घरी आले, कौलांकडे बराच वेळ बघत राहिले आणि त्यांनी आदेश काढला: चारही वर्षांसाठी वर्ग 'अ' रद्द, वर्ग 'क' लागू, जादा भरलेले पाच हजार सहाशे ऐंशी रुपये परत करावेत. सत्यवतीने त्याच आठवड्यात पडवीची फुटकी कौलं उतरवली. परताव्यातून नवी घ्यायची होती.

परताव्याच्या खिडकीत सुरुची मॅडम होत्या. स्वभावाने फार चांगल्या. त्यांनी काशीरामांना बसायला खुर्ची दिली.

"काका, तुमचा वर्ग बदलला, म्हणजे जुनी चार बिलं रद्द झाली."

"बरं."

"बिलं रद्द झाली, म्हणजे तुम्ही भरलेले पैसे कशापोटी भरलेत, हा प्रश्न येतो."

"घरापोटी."

"घरापोटी भरता येत नाहीत काका, बिलापोटी भरतात. आणि बिल तर आता नाहीये." त्यांनी चार नवे कागद पुढे केले. "ही 'क' वर्गाची बिलं. मागच्या तारखांची आहेत. ही तुम्ही भरलेली नाहीत, म्हणून शास्ती लागलीय. आणि थकबाकीदाराला परतावा देता येत नाही."

काशीरामांनी आयुष्यात कुणाची काडेपेटीसुद्धा उधार आणलेली नव्हती. थकबाकीदार हा शब्द त्यांना आधी शेजारच्या माणसाला उद्देशून वाटला.

"माझे तुमच्याकडं पाच हजार हायेत. त्यातनं कापून घ्या," ते म्हणाले.

"ते 'अ' घराच्या खात्यात आहेत. थकबाकी 'क' घराची आहे. दोन्ही घरं एकच असल्याचा दाखला आणा, लगेच समायोजन करते."

"एकच हाय. साहेब बघून गेलेत."

"साहेबांनी बघितलं त्या घराला लिफ्ट नव्हती. 'अ' घराला आहे. मग एकच कसं? लिफ्ट काढून टाकल्याचा दाखला लागेल."

काशीरामांनी अर्ज केला. महिन्याभराने दोन कर्मचारी पंचनाम्याला आले. त्यांनी घराची लांबी-रुंदी घेतली, न्हाणीघर उघडून पाहिलं, पोटमाळ्यावर शिडीने चढून उतरले आणि लिहिलं, "जागेवर लिफ्ट आढळून आली नाही." काशीरामांना हायसं वाटलं. पण पंचनाम्यात पुढे आणखी एक ओळ होती: "सदर लिफ्ट विनापरवाना हटविल्याचे दिसते." आठवड्यात खुलासा मागवणारी नोटीस आली.

खुलाशात त्यांनी लिहिलं, की लिफ्ट नव्हतीच. त्यावर उत्तर आलं, की नसलेल्या लिफ्टचा कर चार वर्षं विनातक्रार का भरला, याचा खुलासा करावा.

पडवीवर तोवर निळी ताडपत्री चढली होती.

मार्चमध्ये वसुली मोहीम निघाली. थकबाकीदारांच्या दारात ढोल वाजवायचा, असा ठराव झाला होता. एका सकाळी सत्यवती नाक्यावर विकायची फुलं खुडत असताना दोन ढोलवाले यादी हातात घेऊन दारात उभे राहिले. उन्हातून आले होते म्हणून तिने आधी पाणी दिलं.

"वाजवू नका रे बाबांनो. आमचेच पैसे त्यांच्याकडं हायेत."

"मावशी, सगळीकडं असंच सांगतात."

"मंग पंधरा मिनिटं बसा नुस्ते. सरबत करते."

ढोलवाला ओशाळला. "बसलो तर आमचं बिल नाय निघत मावशी."

त्यांनी वाजवलं. चांगलं वाजवलं. वाडीच्या कुंपणाबाहेर माणसं जमली. त्यांतल्या निम्म्यांना काशीरामांनी कधी ना कधी अडीनडीला पैसे दिले होते. काशीराम आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले. पुढचे आठ दिवस ते नाक्यावर गेले नाहीत. फुलांची करंडीही सत्यवतीच पोचवून आली.

नवव्या दिवशी ते थेट देसले साहेबांसमोर उभे राहिले. "साहेब, परतावा नको. माझं नाव त्या यादीतनं तेवढं काढा."

साहेबांनी फाईल शांतपणे शेवटपर्यंत पाहिली. "एक मार्ग आहे. तुम्ही परत 'अ' वर्गात या. जुनी बिलं जिवंत होतील, पावत्या जुळतील, थकबाकी शून्य. नोटीसही आपोआप निकाली."

"आणि लिफ्ट?"

"ती रेकॉर्डला आहेच."

काशीरामांनी तिथेच अर्ज लिहिला: "माझी घरपट्टी चुकून कमी झाली असून ती पूर्ववत वाढवावी, ही नम्र विनंती." मंजुरी दुपारच्या जेवणाआधी मिळाली. सुरुची मॅडमनी चहा मागवला. थकबाकी निरंक असल्याचं पत्र घेऊन काशीराम बाहेर पडले, तेव्हा त्यांना खरोखर आनंद झाला होता. वाटेत त्यांनी अर्धा किलो पेढे घेतले आणि ढोल ऐकायला आलेल्यांच्या घरोघरी जाऊन ते पत्र दाखवलं.

सत्यवतीने उतरवलेल्या कौलांतली त्यातल्या त्यात बरी निवडून पडवीवर परत चढवली. तिने एवढंच विचारलं, "लिफ्टचं लायसन नाय ना मागनार?"

पेढ्यांबरोबर हकीकतही घरोघरी गेली, आणि त्या संध्याकाळी गावाने आपापली बिलं कपाटातून काढली. युजीनच्या विहिरीची जलतरण तलाव म्हणून नोंद होती. सालोमीचं कोंबड्यांचं खुराडं व्यापारी गाळा निघालं. सुनंदाच्या दोन खोल्यांना तीन मजले होते. प्रत्येकाने बिल नीट घडी करून जागच्या जागी ठेवलं आणि मुदतीच्या आत भरलं.

वर्षअखेर नगरपरिषदेचा अहवाल निघाला. त्यात म्हटलं होतं, की या भागातून कर आकारणीबाबत एकही तक्रार प्रलंबित नाही, यावरून आकारणी बिनचूक असल्याचं सिद्ध होतं. अहवालात इतर भागांचीही माहिती आहे. तुमच्या-आमच्या भागापुढेही तेच लिहिलेलं आहे.