नरसिंहराव टक् म्हणाले

बिघाड दिसला की माझे हात शिवशिवतात. त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या चंद्राकाकूंच्या गाडीची किल्ली अडकली तेव्हा मी छातीठोकपणे सांगून टाकलं, पंधरा मिनिटांत काढतो! काकू बेळगावकडच्या, पण मल्लेश्वरममध्ये जन्म गेलेला. त्या कानडीत होकार देत नुसतंच "सरी, बघ बाळा" म्हणाल्या.

गाडी त्यांच्या यजमानांची, नरसिंहरावांची. ते जाऊन सहा महिने झाले होते. पुण्यातल्या मुलाने, पुरुषोत्तमने, फोनवरच गाडीचा सौदा ठरवला होता. आईला विचारायचं मात्र राहून गेलं होतं. गिऱ्हाईक दुपारी येणार, म्हणून मी सकाळी गाडी धुऊन आणली, तळघरात लावली, आणि किल्ली निघेना. अर्ध्यावर फिरून अडे. ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा दांडा नीट पार्कमध्ये बसला आहे हे गाडीला कळलं, तरच ती किल्ली सोडते. हिला ते कळत नव्हतं, एवढंच.

जेवून मी वायरी तपासायचा मीटर घेऊन गाडीत बसलो आणि इमारतीची वीज गेली. तळघरात मिट्ट काळोख. कुठेतरी टाकीचं पाणी ठिबकत होतं. मला भुताखेतांचं काही वाटत नाही, पण तरी धीर यावा म्हणून मी पाय रोवून मोठ्याने म्हणालो, "नरसिंहराव, सोडा आता किल्ली."

टक्.

आणि मागची भिंत लाल झाली! आरशात स्वच्छ दिसली. मी दचकून पाय ताणले, तर पुन्हा टक्, पुन्हा लाल. इंजिन बंद, गाडीत माझ्याशिवाय कोणी नाही. मी मीटर टाकून जो पळालो तो जिन्यात काकूंवर जाऊन आदळलो.

काय झालं ते ऐकून काकू अजिबात घाबरल्या नाहीत. हे सकाळी माझ्याशीही असेच बोलले, म्हणाल्या, आणि शांतपणे जाऊन चालकाच्या जागेवर बसल्या. पदर सारखा केला.

"अहो, गाडी विकायची?"

काही नाही. नुसतं ठिबकणारं पाणी.

"मग ठेवू?"

टक्. भिंत लाल.

वडील नको म्हणतात हे पुरुषोत्तमला कोणत्या तोंडाने सांगायचं? पण मी काकूंकडे पाहिलं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा उजळला होता. किल्ली निघाली की गाडी जाणार, आणि गाडीबरोबर हे बोलणंही.

तरी बढाई मारून बसलो होतो ना! मी उघड्या दारापाशी उकिडवा बसलो आणि मोबाइलचा उजेड आत टाकला. दांड्याच्या फटीत सुपारीचं एक खांड रुतून बसलं होतं. धुणाऱ्यांनी हवा मारली तेव्हा कुठल्यातरी कोपऱ्यातून उडून तिथे पडलं असणार. त्यामुळेच दांडा केसभर अलीकडे राहत होता. चिमट्याने सहज निघालं असतं.

चिमटा काढायला खिशात हात घातला तसा मोबाइल कलला आणि उजेड खाली गेला. तिथे काकूंची चप्पल होती. ब्रेकवर.

"ठेवू ना, अहो?" काकूंनी विचारलं. चप्पल खाली गेली. टक्.

ब्रेक दाबला की मागचे लाल दिवे लागतात आणि दांड्यापाशी खटका वाजतो; मघाशी मला घाम फोडला तो माझ्याच पायाने. मला इतकी लाज वाटली की क्षणभर भूतच बरं होतं असं वाटलं. पण काकूंना फसवत राहणंही जिवावर आलं. मी हळूच म्हणालो, "काकू, तुमचा पाय ब्रेकवर पडतोय."

"माहीत आहे रे," काकू म्हणाल्या. "ते होते तेव्हा तरी पायावर पाय दिल्याशिवाय कधी उत्तर दिलंय त्यांनी?"

वर फाटकाशी गिऱ्हाईक येऊन उभं होतं. मी चिमटा खिशात ठेवला, वर गेलो आणि सांगितलं, वायरिंगमध्ये मोठा दोष आहे, माझ्याच्याने काही सापडत नाही.